दोन वडापांची मतं

परवा सकाळी आईकडं चहा पीत बसले होते, तेवढ्यात गल्लीतून प्रचाराचा टेम्पो गेला. पाठीवर भिंतीएवढा पडदा, त्यावर उमेदवार हात जोडून चालतोय, थांबतोय, पुन्हा चालतोय. आवाज असा की बशीतला चहा हलला. आई खिडकीतून बघून म्हणाली, "ह्येला बघून मत द्यायचं व्हय? ह्यो तर नुसता हासालाय." मी म्हटलं, "आई, हळू बोल, खाली त्याचीच माणसं आहेत." तर आणखी मोठ्यानं म्हणाली, "आसूंदेत की!"

शिवाजी पेठेत हळू बोलायची पद्धतच नाही. मी पेठ वडगावला दिले गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. तिथल्या कापडाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकले, बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. आमच्या पेठेत बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तेही माझं सुटलं. पण माहेरी दोन दिवस राहिलं की आवाज आपोआप चढतो. नवरा फोनवर विचारतो, "भांडण चाललंय काय?" मी म्हणते, "नाही हो, आई मला जेव म्हणतेय."

इतक्या वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली, म्हणून आले. आईचे गुडघे गेलेत, तिला मतदानाला न्यायचं होतं. माझं मत तिकडं वडगावात, इथं मी नुसती हात धरायला. पण निवडणुकीची हवा ही अशी चीज आहे की आपलं मत नसलं तरी अंगात शिरते. सकाळची थंडी, लांबच्या गुऱ्हाळावरून येणारा काकवीचा वास, चौकाचौकात खुर्च्या टाकून बसलेली पोरं. आता त्यांच्या हातात मोबाइल असतो. तेव्हा खळीचा डबा असायचा. पोस्टरं चिकटवून चिकटवून बोटं पांढरी झालेली असायची, आणि त्याच बोटांनी ती पोरं वडापाव खायची. त्या खळीचा आंबूस वास मला अजून आवडतो. कुणाला सांगितलं तर हसतील, पण आवडतो.

मी बारावीला होते, त्या वर्षी आमच्या वॉर्डात वडणगेकर सर उभे होते.

सर म्हणजे शाळेतले विज्ञानाचे मास्तर आणि संध्याकाळी मैदानावरचे पंच. बारीक अंग, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी. आता कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं? आमच्यात फुटबॉलवरून सोयरिकी मोडल्यात. अशा ठिकाणी ह्या माणसानं एकदा अंतिम सामन्यात आमच्याच पेठेच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली. तीही शेवटी शेवटी. संघ हरला. लोकांनी सरांच्या दारात येऊन शिव्या घातल्या. सर दार उघडून उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाताला लागला होता. तुम्हीबी बघितलासा." झालं. आठवडाभर पेठ फुगून होती. मग ज्या तालमीचा तो संघ, तिच्यातलाच एकजण म्हणाला, "लागला हुता खरा." त्यानंतर दोन पेठांत कसलाही तंटा झाला की सरांना बोलवायचे. सगळी तालमीची पोरं सरांची झाली, आणि गंमत म्हणजे पलीकडच्या पेठेचीही झाली.

तालमीच्या पोरांना सर आवडायचे ते असे. बायकांचं कारण वेगळं होतं. सरांच्या घरची वास्तुशांत झाली तेव्हा दारातला पहिला दिवा त्यांनी विधवा वहिनीला लावायला सांगितला. हळदीकुंकवाला तिच्या हातानं वाण दिलं. केवढी कुजबुज झाली! पण त्यानंतर पेठेतल्या कितीतरी घरांतल्या बायका, ज्या सणावाराला मागच्या खोलीत बसायच्या, त्या पुढं आल्या. त्या बायका सरांविषयी काही बोलायच्या नाहीत. सर गल्लीतून चालले की नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

पलीकडच्या बोळात नदाफचाची राहायची. गाद्या भरायचं काम. तिच्या केसांत कायम कापसाचा बारीक पुंजका अडकलेला असे. तिचं कारण आणखी निराळं. एकदा शहरातली हवा बिघडली होती, दुकानं पटापट बंद झाली, माणसं घोळक्यानं हिंडायला लागली. सर त्या संध्याकाळी घरातली खुर्ची घेऊन चाचीच्या बोळाच्या तोंडाशी जाऊन बसले. हातात पेपर. बसले ते बसलेच. घोळका आला तो सरांना बघून थबकला, त्यांत निम्मी सरांचीच पोरं. "काय रे, कुठं निघालाईसा?" सरांनी पेपरातून मान वर करून विचारलं. "कुठं न्हाय सर, असंच," म्हणून घोळका वळला. चाची सांगायची, "एकच पान वाचत हुते ओ. उलटलंबी न्हाय."

आणि दूधकट्ट्यावरचे गवळी. समोर म्हैस पिळून ताज्या धारेचा पेला देणारी ही माणसं. कट्टा हलवायची भाषा निघाली तेव्हा सर रोज पहाटे पेला घेऊन तिथं उभे राहायला लागले. मोर्चा नाही, घोषणा नाही. नुसतं दूध प्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्यायला लावायचे. कट्टा राहिला.

सर देव मानायचे नाहीत. नारळ फोडायचे नाहीत, प्रचाराची सुरुवात मुहूर्त बघून केली नाही, अमावस्येला अर्ज भरला. आमच्या पुरोगामी म्हणवणाऱ्या शहरात सगळे भाषणात पुरोगामी असतात आणि अर्ज गुरुपुष्य बघून भरतात. हा माणूस सरळ अमावस्येला गेला. लोक चरकले, पण म्हणाले, सरांचं तसंच असतंय.

आता माझं कारण सांगते.

सरांनी शाळेतल्या मुलींचा संघ काढला होता. मी त्यात उजव्या बगलेवर खेळायचे. पळायचे अशी, की भिंत आल्यावरच थांबायचे. पण मैदान संध्याकाळी पोरांचं. आम्ही पहाटे अंधारात शाळेच्या मागच्या पटांगणात खेळायचो, तिथं अर्धी फरशी. पडलं की गुडघा सोलून निघायचा. बाबा उद्यमनगरात लेथवर होते. बोलायला कमी, पण बोलले की शब्द पक्का. ते म्हणाले होते, "चोरून खेळायचं आसंल तर नगं. सर निवडून आले, पोरींना मैदान मिळालं, सगळ्यांच्या देखत खेळाय लागलीस, तर मी आडवं येणार न्हाय. न्हायतर बारावी झाली की पावणं बघायला येतील." सरांनी जाहीर सभेत सांगितलंच होतं, निवडून आलो की पहिलं काम, रोज संध्याकाळी एक तास मैदान मुलींना. टाळ्या आल्या, काही शिट्ट्याही आल्या. त्या एका तासावर माझं सगळं टांगलेलं होतं.

आई आधी माझ्या खेळण्याच्या सक्त विरोधात. "पाय मोडून बसलीस तर कोण करील तुला?" असं रोजचं. मग एकदा आमचा सामना झाला, ती भिंतीमागं उभी राहून बघत होती, मला ठाऊकही नव्हतं. समोरच्या पोरीनं मला पायात पाय घालून पाडलं, आणि भिंतीपलीकडून अशी काही शिवी आली की खेळ थांबला. सर शिट्टी तोंडात धरून हसत होते. घरी येताना आई म्हणाली, "त्या पांढऱ्या मोज्यावालीला सोडायचं न्हाय." त्या दिवसापासून ती माझ्या बाजूला.

प्रचाराचे ते दिवस! समोरच्या उमेदवाराकडं रोज तांबडा-पांढरा रस्सा. आमची माणसं तिकडं पोटभर जेवायची आणि ढेकर देत सरांच्या सभेला यायची. सरांकडं चहा आणि चिवडा. कुठल्याही दारात गेलं की एकच बोलणं, "सर, तुमी कशाला आलासा? आमी हाय न्हवं! घरी जाऊन निवांत झोपा." दूधकट्टा म्हणे, सर आमचेच. तालीम म्हणे, आमचेच. चाचीचा बोळ म्हणे, हे काय सांगायचं झालं? ज्याला त्याला वाटायचं, बाकीचे तर मत देतातच. इतकं सगळ्यांचं असणंही बरं नव्हे, हे मला आज कळतं. आईचं मूल आजारी पडलं की आई जागते, सगळ्या गल्लीचं लाडकं मूल आजारी पडलं की ज्याला त्याला वाटतं, दुसरं कुणीतरी जागत असेल.

मतदान आलं पौर्णिमेला. आणि इथं आमच्या बायकांचं डोकं चाललं.

सर अमावस्येला अर्ज भरून आलेले, ते आईच्या मनात सलत होतं. तिनं परस्पर दत्ताला बोललेलं, पौर्णिमेला वाडीला येतो, महापूजेला डोकं टेकवतो, सरांना निवडून आण. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. ही गोष्ट ती शेजारणीला बोलली, शेजारीण तिच्या जावेला, आणि बघता बघता दोन वडाप भरले. वडाप म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप, जिच्यात जागा संपली असं कधी होतच नाही. नदाफचाची म्हणाली, "मीबी येतो. नदीपलीकडं कुरुंदवाडात दर्गा हाय, तितं चादर घालतो. दोन्हीकडनं सांगितल्यालं बरं." बाकी बायकांना हे फार पटलं.

मी म्हटलं, "आधी मत द्या, मग जा." आई म्हणाली, "पौर्णिमेची गर्दी, उशिरा गेलं तर महापूजा घावती व्हय? आधी मत दिऊन मग देवाला सांगायचं म्हंजे वरात निघाल्यावर मुलगी बघायची. तीनला माघारी येतो, येऊन देतो की मत."

"सरांना विचारलंस?"

"खुळी हाईस काय! सरांना सांगायचं न्हाय. रागं भरतील."

आणि खरंच कुणीही सांगितलं नाही. एवढ्या बायका, एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. पेठेतलं हे एकमेव गुपित, जे टिकलं.

मी पहिल्यांदाच मत देणार होते. सकाळी रांगेत उभी राहिले, बोटाला शाई लागली, ती वाळेपर्यंत बोट हवेत धरून हिंडत होते. सरांची पोरं टेबल टाकून बसली होती. बायका आल्या नाहीत म्हणून कुणाला काळजी नव्हती. बायका स्वयंपाकपाणी उरकून दुपारनंतरच येतात. तीन वाजले, चार वाजले. मी शाळेच्या गेटवर उभी. मोबाइल त्या काळी घरातल्या पुरुषाच्या खिशात असायचा, बायकांकडं कुठला? बाबा कामावरून आले. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सायकल काढून ताराराणी चौकापर्यंत, वाडीचा रस्ता जिथं शहरात शिरतो तिथवर, जाऊन बघून आले.

गेट बंद झालं आणि मग वडाप आले. पुढच्या जीपमधून आई उतरली, कपाळाला अंगारा, हातात प्रसादाची पिशवी, धावत. तिच्यामागं सगळ्या. हातकणंगल्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झाली होती, रस्ताभर ऊस, दोन्हीकडं गाड्यांची रांग. ह्या बायकांनी उतरून रस्त्यावरचा ऊससुद्धा बाजूला ओढला होता, हात कापले होते सगळ्यांचे. आईनं गेटचे गज धरले आणि आतल्या पोलिसाला म्हणाली, "दादा, आमी हितलंच हाय. आत घ्या की ओ." तो बिचारा तरुण होता. "मावशी, टाइम झाला, माझ्या हातात काय न्हाय," असं परत परत म्हणत राहिला. चाची तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. आई रडली नाही. ती गज धरून तशीच उभी राहिली, बाबांनी येऊन तिचे हात सोडवले.

सर पडले. दोन वडापांत जितक्या बायका बसल्या होत्या, त्याहून कमी मतांनी.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर घरोघर आभार मानायला निघाले. पडलेला उमेदवार दारोदार फिरतोय, हे पेठेनं कधी बघितलं नव्हतं. आमच्या दारात आले तेव्हा आई स्वयंपाकघरात दडून बसली. बाबा म्हणाले, "बाहीर ये. त्वांड दाखवायलाच लागणार." आई आली. पदर घट्ट आवळून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाडी, महापूजा, दर्गा, ट्रॉली, गेट. "आमच्यामुळं पडलासा तुमी," म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोला."

सरांनी चष्मा काढला. आत येऊन कॉटवर टेकले. मला वाटलं आता ते देवधर्मावर बोलतील, शाळेत बोलायचे तसं. पण त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पुढं सरकले.

"मला सांगितलं का न्हाई?"

"रागं भरला असतासा."

"मी स्वतः रिक्षा लावून सकाळी सगळ्यांचं मत घेतलं असतं, आणि मग वाडीला पाठवलं असतं. उशीर झाला असता तर मी तुमच्यासंगं आलो असतो." मग चष्मा परत घातला. "आयुष्यभर ओरडून सांगितलं, कुणाला भिऊ नका. आणि तुम्ही मलाच भ्यालासा."

आईला तेव्हा रडू आलं. सर उठले, दारापर्यंत गेले, परत वळून म्हणाले, "वाडीची कवठाची बर्फी आणली असंल की. द्या जरा." आईनं पिशवी सगळी पुढं केली. त्यांनी एक वडी घेतली, तिथंच उभ्यानं खाल्ली, आणि मला म्हणाले, "सराव सोडू नको." मी मान हलवली. दोघांनाही माहीत होतं.

सर परत उभे राहिले नाहीत. मैदान पोरांचंच राहिलं. माझी बारावी झाली आणि पावणे आले. माणसं चांगली होती, संसार चांगला झाला, उगाच रडगाणं गाणार नाही. आता त्या मैदानावर मुली खेळतात. काही वर्षांमागं कुणीतरी, कुठल्यातरी वेगळ्याच कारणानं, संध्याकाळची वेळ दिली. मी मुद्दाम जाऊन बघितलं. एक उजव्या बगलेवरची पोरगी काय सुसाट पळत होती! मी टाळ्या वाजवल्या आणि मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून स्वतःवरच चिडले. सर गेले तेव्हा अंत्ययात्रेत तालमी होत्या, गवळी होते, बायका होत्या, चाचीचे लेक होते, आणि जो तो आपल्या शेजारच्याला सांगत होता, सर आमचे. त्या गर्दीतल्या प्रत्येकानं मत दिलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. मेलेल्या माणसापुढं असला हिशोब करू नये, पण आलं.

आई त्यानंतर वाडीला गेली, पुष्कळदा गेली. देवावर तिचा राग नव्हता. पण माझ्याशी त्या दिवसाविषयी ती कधी बोलली नाही. फुटबॉलचा सामना टीव्हीवर लागला की उठून आत जायची, एवढंच.

आज मतदान. मी पहाटे उठले तर ती आधीच काठापदराची साडी नेसून कॉटच्या कडेला बसलेली. केस विंचरलेले. मी चहा ठेवायला निघाले तर म्हणाली, "बस जरा. एक इचारतो, खरं सांगायचं."

"विचार की."

"सर निवडून आलं असतं, तर तू खेळली असतीस काय गं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं कित्येक वर्षं तयार होतं. अगं कुठलं आई, लग्न तर होणारच होतं, काही फरक पडला नसता. अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या हातांकडं बघितलं, ते मांडीवर गच्च धरलेले. मला खोटं बोलवेना.

"खेळले असते, आई. बाबांनी शब्द दिला होता. चांगली खेळले असते."

मला वाटलं ती मोडून पडणार. तिनं पदरानं नाक पुसलं.

"बरं झालं खरं बोललीस," म्हणाली. "मला भ्या वाटायचं, तू म्हणशील काय फरक पडला नसता. तसं म्हणाली असतीस तर मग मी आज कशाला जाऊ? एवढं गुडघं मोडत?" आणि तिनं दोन्ही हात माझ्यापुढं केले. "चल. उठीव मला."

"आई, अजून उजाडलंबी न्हाय. गेट उघडलं नसंल."

"आसूंदे," ती म्हणाली. "उभं ऱ्हाऊ."